वाचून पुसलेले फळे

पहिली घंटा व्हायला अजून बराच वेळ असायचा, तेव्हा मनकर्णा साळवे हातात ओलं फडकं घेऊन पाचवीच्या वर्गात शिरत. पिशवी टेबलावर ठेवत, खिडकीचं एक दार उघडत आणि फळ्यासमोर उभ्या राहत. आदल्या दिवशीच्या शेवटच्या तासाचं जे काही फळ्यावर राहिलेलं असेल ते वाचत. वाचून झालं की पुसत. मग सहावी, मग सातवी, असं करत दहावीपर्यंत. शेवटच्या वर्गातून बाहेर येईपर्यंत त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पांढरा झालेला असे. नळाला पाणी असेल तर त्या तिथंच हात धूत, नसेल तर पदराला पुसत आणि ऑफिसात जाऊन बसत.

झाडलोट करणाऱ्या लंकाबाईला सक्त ताकीद होती. वर्ग झाडायचा, बाकं पुसायची, फळ्याला हात लावायचा नाही.

शाळा पाथर्डीच्या पूर्वेला, जांभळवाडीत होती. डोंगर संपून माळ सुरू होतो त्या कडेला दगडी बांधकामाच्या खोल्यांची एक रांग आणि समोर कडुलिंबाची झाडं. मनकर्णाबाईंना तिथं मुख्याध्यापिका होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं, मास्तर, गावातली माणसं, सगळेच त्यांना मोठ्या बाई म्हणत.

फळे वाचायची सवय जुनी होती. लहानपणी त्यांची वस्ती शाळेपासून लांब होती आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं म्हणून त्यांना शेवटचा तास सोडून निघावं लागे. वडील रंभाजी बंधाऱ्याच्या कामावर मजुरीला जात. पोरीचा तास बुडतो याची त्यांना पोरीपेक्षा जास्त हुरहूर. ते तिला पहाटेच उठवून पाठवत. सगळ्यांच्या आधी पोचायचं, फळा कुणी पुसायच्या आत उतरवून घ्यायचा. आधी ते गरजेपोटी होतं. पुढे नगरच्या वसतिगृहात राहून शिकल्या, बी.एड. झाल्या, नोकरीला लागल्या, तरी सकाळी वर्गात शिरल्यावर नजर आधी फळ्याकडेच जाई. नवरा भिमाजी एसटीत कंडक्टर. तो कधीकधी चिडवायचा, "पुसून मग वाचत तर नाहीस ना गं?"

मुख्याध्यापिका झाल्यावर या सवयीचा त्यांना मोठा उपयोग झाला. फळा त्यांच्याशी बोलत असे. उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच हातानं सोडवलेलं असलं की त्यांना कळे, मुलांना कुणी पुढे बोलावलेलं नाही. मधेच वेडंवाकडं, बुटकं अक्षर दिसलं की त्या खूश होत. फळा कोरडा ठणठणीत असला की मास्तरांनी खुर्चीत बसून गाईडमधलं लिहून दिलं, हे उघड. मग दुपारच्या सुट्टीत त्या त्या शिक्षकाला सहज म्हणत, "सर, अपूर्णांकाला कालचा एक तास पुरला नाही वाटतं?" त्या कुणाच्या वर्गात जाऊन मागे बसत नसत. तसं बसणं म्हणजे साहेबाची तपासणी, आणि तपासणीला माणूस खरं शिकवत नाही, असं त्यांचं मत होतं.

शिक्षकांनीही यावर तोड काढली होतीच. शेवटच्या तासाला घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं फळा नीट मांडायचा, शीर्षकाखाली दोन रेघा ओढायच्या. त्याला स्टाफरूममध्ये 'बाईंचा फळा' म्हणत. मोठ्या बाईंना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण मांडलेल्या फळ्यावरूनही काहीतरी कळतंच, असं त्या स्वतःला सांगत.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात शाळेला संगणक मिळाला. संस्थेनं आपल्या निवडक शाळांना एकेक दिला, त्यात जांभळवाडीचं नाव आलं. टेम्पोतून तो उतरवताना निम्मं गाव जमलं होतं. लायब्ररीची खोली रिकामी केली, भिंतीला चुना दिला, खिडक्यांना पडदे शिवले. गणपतीपुढे ठेवतात तशी त्याच्यापुढे हळदकुंकवाची वाटी कुणीतरी ठेवली. बाईंनी ती उचलायला लावली, पण चपला बाहेर काढायचा नियम मात्र त्यांनीच केला. धूळ या यंत्राची वैरी आहे असं संस्थेच्या पत्रकात लिहिलं होतं आणि पाथर्डी तालुक्यात धुळीला तोटा नव्हता. रेक्झिनचं कव्हर आलं. खोलीला कुलूप आलं. किल्ली बाईंच्या ड्रॉवरमध्ये.

पत्रकात आणखी एक गोष्ट होती. संक्रांतीनंतर संस्थेची माणसं पाहायला येणार. जिथं संगणकावर प्रत्यक्ष शिकवलं जात नसेल, तिथून तो उचलून दुसऱ्या शाळेला देणार. दुसरी शाळा म्हणजे कोपरगावकडची, हे सगळ्यांना माहीत होतं. तिकडे साखर कारखाने, बारमाही पाणी, वर्ग भरलेले. जांभळवाडीचे वर्ग दिवाळीनंतर निम्म्यानं रिकामे व्हायचे. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही ट्रकमध्ये बसून जायची, ती होळीपाडव्याच्या आसपास परत. या पोरांचा हात त्या यंत्राला एकदा तरी लागला पाहिजे, एवढं एक मोठ्या बाईंनी मनाशी धरलं होतं. त्यांची निवृत्ती येत्या मे महिन्यात होती. दुसरं काही धरायला तसा वेळही उरला नव्हता.

नगरला झालेल्या प्रशिक्षणाला त्यांनी दोघांना पाठवलं. गणिताचे सहादेव गर्जे, गावचेच, पंचेचाळिशीचे, आवाज मोठा आणि अक्षर मोत्यासारखं. आणि विज्ञानाच्या वृषाली मुळे, नगरच्या, तीन वर्षांपूर्वी लागलेल्या, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणाऱ्या. ते परत आल्यावर बाईंनी आठवी आणि नववीच्या वेळापत्रकात संगणकाचे तास घातले, तेही लाइट असते त्या वेळात. त्यासाठी मराठी आणि इतिहासाच्या तासांची अदलाबदल केली, दोघांचे रुसवे काढले. आणि एक सूचना दिली. संगणकावर जे शिकवाल ते वर्गात परत आल्यावर थोडक्यात फळ्यावर लिहा. म्हणजे मला कळेल.

फळे भरू लागले. 'संगणकाचे भाग व उपयोग.' रंगीत खडूनं काढलेला मॉनिटर, त्याखाली कीबोर्ड, शेपटीवाला माउस. बाण करून नावं. नववीच्या फळ्यावर तर गर्जे सरांनी कीबोर्डची एकेक कळ रेखली होती. ते चित्र पुसायला बाईंचा हात धजावला नव्हता, त्यांनी ते दोन दिवस ठेवलं. दसरा गेला, दिवाळी गेली. ट्रक निघून गेले. उरलेल्या पोरांसमोर फळे भरत राहिले.

डिसेंबरातल्या एका सकाळी फळे पुसून झाल्यावर बाईंना वाटलं, आपणही एकदा ते यंत्र सुरू करून बघावं. पाहुणे येतील तेव्हा निदान बटण कुठं आहे ते तरी माहीत हवं. त्यांनी चपला काढल्या, कुलूप उघडलं, कव्हर दूर केलं. बटण दाबलं. काही झालं नाही. वरचा पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. त्या वाकून टेबलाखाली बघू लागल्या. वायर दोन ठिकाणी कुरतडलेली होती. मागच्या कोपऱ्यात कागदाचे कपटे आणि पडद्याच्या चिंध्या गोळा करून उंदरानं घर केलं होतं. घरात कुणी नव्हतं. पिलं मोठी होऊन निघूनही गेली होती.

बाईंनी आधी प्लग काढून टाकला. मग उठून त्या नववीच्या वर्गात गेल्या. फळा त्यांनी थोड्या वेळापूर्वीच पुसला होता. त्यावर काय होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. माउसचे उपयोग, चार मुद्दे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी गर्जे सर आणि वृषालीबाईंना ऑफिसात बोलावलं.

"किल्ली न्यायला किती दिवसांत कुणी आलं नाही, हे माझ्याही लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तास तर होत होते?"

गर्जे सर छताकडे बघू लागले. वृषालीबाई म्हणाल्या, "बाई, तास वर्गातच घेतले आम्ही. फळ्यावर."

"संगणकाचे?"

"व्हय," गर्जे सर म्हणाले. एरवी शाळेत ते 'हो' म्हणत. "बाई, खोटं कशाला बोलू? त्याला हात लावायची भीती वाटते. पोरांपुढं बंदबिंद पडलं, तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणतील गर्ज्यानं शाळेचं मशीन मोडलं."

"मग नगरला काय शिकून आलात?"

"एका मशीनपुढं दहा जण होते बाई," वृषालीबाई म्हणाल्या. "कोपरगावचे एक सर होते, त्यांनी माउस धरला तो चहा येईस्तोवर सोडला नाही. मी लांबून वही भरली. गर्जे सर तर खिडकीत होते."

"खिडकीत बसूनच बघितलं सगळं," गर्जे सर म्हणाले. "बघितलं तेवढं फळ्यावर काढलं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. "काढलं कशाला पण? नाही जमत, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

गर्जे सरांनी वृषालीबाईंकडे पाहिलं. मग वृषालीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही सकाळी वाचता ना."

बाहेर लंकाबाई बादली आपटत होती. बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. रागवायचं म्हणून त्यांनी दोघांना बोलावलं होतं आणि आता राग कुणावर धरावा हेच त्यांना उमजेना. कुलूप त्यांचं, चपलांचा नियम त्यांचा, वाचायची सवय त्यांची. त्या वाचायच्या म्हणून फळे लिहिले गेले होते, आणि लिहिलेले फळे वाचून त्या समाधानी राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत यातले किती फळे खरे होते, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तो बाजूला सारला. त्याला आता उत्तर मिळणार नव्हतं.

"उद्यापासून फळे संध्याकाळीच पुसा," त्या म्हणाल्या. "लंकाबाईला मी सांगते. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा दोघं. मला संगणक शिकायचाय. तुम्ही शिकवायचा."

"आम्हालाच कुठं येतो, बाई?"

"म्हणूनच दार लावून घेऊ."

पाथर्डीहून वायरमन येऊन वायर बदलून गेला. शनिवारी सकाळची शाळा सुटली, मुलं पांगली. तिघं संगणकाच्या खोलीत शिरले. गर्जे सर नियमाप्रमाणे चपला काढू लागले, तर बाई चपलांसकट आत जाऊन बसल्या होत्या.

भूमितीसाठी एक फ्लॉपी आली होती. तिच्यात पडद्यावर एक कासव येई. पुढे चल म्हटलं की ते रेघ ओढत पुढे जाई, वळ म्हटलं की जागच्या जागी वळे. बाईंनी एका बोटानं अक्षरं शोधत दाबायला सुरुवात केली. चुका होत, यंत्र टुंग करून वाजे, गर्जे सर दचकत. थोड्या वेळानं दचकायचे थांबले. मग म्हणाले, "बाई, सरका जरा. समभुज त्रिकोण काढून दाखवतो तुम्हाला. सोपा आहे. तिन्ही बाजू सारख्या, तिन्ही कोन साठ अंशांचे."

त्यांनी कासवाला पुढे नेलं, साठ अंश वळवलं, पुढे नेलं, पुन्हा साठ, पुन्हा पुढे. पडद्यावर विळ्यासारखं काहीतरी उमटलं. तोंड उघडंच.

"मशीन बिघडलं," गर्जे सर म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा विळा.

"सर, त्रिकोणाचे कोन साठच ना?" वृषालीबाईंनी विचारलं.

"वीस वर्षं साठच शिकवतोय!"

"थांबा. मी कासव होते." वृषालीबाई पदर खोचून खोलीच्या मध्यभागी आल्या. कपाटापासून भिंतीपर्यंत चालत गेल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "वळवा मला, सर."

"साठ वळा."

त्या थोड्या वळल्या आणि चालू लागल्या तर थेट दाराकडे निघाल्या.

"अहो, दाराकडं कुठं? एसटी लागलीय का बाहेर? परत कपाटाकडं यायचंय तुम्हाला!"

"तुम्ही वळवलं तेवढं वळले!"

"मग आणखी वळा. आणखी. आणखी... थांबा." गर्जे सर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात हवेतच होता. "हा तर बाहेरचा कोन झाला. एकशे वीस. कासव बाहेरच्या कोनानं वळतंय बाई. आतला कोन आपल्याला कागदावर दिसतो. त्याला कुठं दिसतोय? ते तर रेघेवर उभंय."

त्यांनी एकशे वीस दाबलं. त्रिकोण मिटला.

गर्जे सरांच्या फळ्यावरचे त्रिकोण बाईंनी वर्षानुवर्षं वाचले होते. रेखीव, काटेकोर, शिरोबिंदूंना नावं दिलेले. बाहेरच्या कोनाचं प्रमेयसुद्धा सुवाच्य अक्षरात. त्यातला कोन कुणाच्या अंगात उतरला होता की नाही, हे कुठल्याही फळ्यावर कधी दिसलं नव्हतं.

"नववीला हा तास असाच घ्या," त्या उठताना म्हणाल्या. "आधी चुकलात तसंच चुका. मी येऊन बसते. तपासायला नाही, मलाही पुढचं शिकायचंय. आणि वृषालीबाई, तुमचाही तास असेल तेव्हा सर येऊन बसतील."

"सर माझ्या तासाला? झोपतील ते."

"झोपलो तर समजा, तास चांगला झाला नाही," गर्जे सर म्हणाले.

जानेवारीत संस्थेचे आणि एका साखर कारखान्याचेही संचालक असलेले आप्पासाहेब जीपमधून आले. सोबत कोपरगावकडचे एक मुख्याध्यापक होते. ते खोलीच्या दाराची रुंदी बघत होते, टेबल निघेल का याचा अंदाज घेत होते. आत नववीची उरलेली मुलं जमिनीवर बसलेली. त्यांच्यात एका बाजूला मोठ्या बाई. गर्जे सरांचा तास चालू होता, षटकोन काढायचा होता. सरांनी आकडा दिला, तो चुकला. पहिल्या रांगेतली प्रज्ञा उठून म्हणाली, "सर, न्हाई जमायचं. लई वळतंय ते."

"मग कितीनं वळवू?"

"चालून बघू का?"

आप्पासाहेब दारातून म्हणाले, "बाई, मास्तरलाच येत न्हाई, तर हे पोरांना काय शिकवायचे?"

गर्जे सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. मग सर मुलांकडे वळले आणि म्हणाले, "प्रज्ञा, पाहुण्यांनाच विचार. आप्पासाहेबांना घे कासव म्हणून."

पोरं खिदळली. प्रज्ञा धीट होती. "या ना, आप्पासाहेब. इथून चालायचं, मी सांगीन तिथं वळायचं."

आप्पासाहेब पुढाऱ्याचं हसू हसले, धोतराचा सोगा सावरला आणि चालले. पोरांनी त्यांना इतकं वळवलं की ते एकदा कपाटावर गेले आणि एकदा कोपरगावच्या मुख्याध्यापकांवर. तिसऱ्या खेपेला ते सहा बाजू चालून निघाले तिथंच परत येऊन पोचले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गर्जे सरांनी तोच वळायचा आकडा, साठ, संगणकात घातला आणि षटकोन मिटला.

"दमवलं राव," आप्पासाहेब खुर्चीत बसत म्हणाले. मग आवाज उतरवून, "बाई, शिकवताय ते दिसलं. पण वर्गात पोरं किती? निम्मीबी न्हाईत. कोपरगावला भरलेले वर्ग हायेत. मशीन तिकडं जास्त कामाला येईल, हे तुमालाबी पटल."

"तिकडं आमचीच पोरं आहेत, आप्पासाहेब," बाई म्हणाल्या. "तुमच्या कारखान्याच्या उसात. तिथल्या शाळेत त्यांना कुणी घेत असेल तर मशीन आजच न्या, मी स्वतः टेम्पोत चढवते. घेत नसतील, तर पाडव्याला ती इथंच येणार आहेत."

आप्पासाहेबांनी सोबतच्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते रुमालानं चष्मा पुसत होते.

"उन्हाळ्यात बघू," आप्पासाहेब म्हणाले. "चहा पाजा आता. एवढं चालवलंत."

उन्हाळ्यात न्यायला कुणी आलं नाही. पाडव्याच्या आगेमागे ट्रक परतले. पोरं काळवंडून, हाताला उसाच्या पात्यांचे चरे घेऊन वर्गात आली. संगणकाच्या खोलीचं दार उघडंच असे. गर्जे सर वृषालीबाईंच्या तासाला मागे बसत आणि खरंच एकदा झोपले. त्यावरून स्टाफरूममध्ये आठवडाभर वाद झाला, तो तास पुन्हा कसा घ्यावा याचा. इतिहासाचे सर आधी लांबून ऐकायचे. मग तेही बोलू लागले.

सुट्टी लागायच्या आधीच्या, बाईंच्या शाळेतल्या शेवटच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी शाळा सुटून गेली होती. बाई ऑफिस आवरून बाहेर आल्या. संगणकाच्या खोलीत तिघं शिक्षक होते. गर्जे सर जमिनीवर खडूनं काहीतरी आखत होते, वृषालीबाई ते चपलेनं पुसत होत्या.

"उसातून आलेल्या पोरांना प्रमेय आधी सांगून चालायचं नाही," त्या म्हणत होत्या. "त्यांना आधी चालू द्या."

"आणि परीक्षेत काय चालून दाखवणार? लिहायचं असतं तिथं!"

"लिहितील की सर. चालून आल्यावर लिहितील."

"सगळ्यांना चालवायचं तर मैदानातच न्या," इतिहासाचे सर म्हणाले. "मी येतो दोरी धरायला."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. लिंबाखालची सावली पार रस्त्यापर्यंत गेली होती. फाट्यावर धुळीचा एक लोट उठला आणि खाली बसला.

"वृषालीबाई," त्या म्हणाल्या, "तुमची नगरची गाडी गेली बरं का. मी पुढं फाट्यावर जाऊन नगरला जाणारी एखादी जीप थांबवते, तुमचं होऊ द्या."